चाकांवरच्या घराची वीज : सौर यंत्रणेचे शास्त्र आणि अर्थकारण

महाराष्ट्र आणि केरळ या दोन राज्यांनी २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाची धोरणे जाहीर केली. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेले वाहन घेऊन कुटुंबाने हवे तेथे मुक्काम करावा, अशी ही कल्पना आहे. परदेशात असे घर बहुधा मोटारीमागे ओढून नेतात. आपल्याकडे ट्रकच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर उभारलेली घरे अधिक आढळतात. दोहोंत विजेचा प्रश्न मात्र सारखाच. वाहन मुक्कामाच्या जागी थांबले आणि इंजिन बंद झाले, की दिवा, पंखा आणि शीतकपाट कशावर चालवायचे?

कॅराव्हान ही तशी चैनीची वस्तू. विकासविषयक मासिकात तिची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, छतावर सौर पट्ट, पोटात विजेरी संच आणि दोहोंच्या मध्ये नियंत्रक अशी जी यंत्रणा कॅराव्हानमध्ये असते, तीच कमीअधिक फरकाने फिरत्या दवाखान्यात, फिरत्या पशुचिकित्सालयात आणि वीजवाहिनी न पोहोचलेल्या वाडीवरच्या घरातही असते. कॅराव्हानमध्ये ती आठ-नऊ चौरस मीटर छताखाली एकत्र सापडते, म्हणून समजून घेण्यास सोपी जाते. शिवाय तिच्यात झालेली चूक लपत नाही. रात्री दोन वाजता पंखा बंद पडतो.

दोन प्रवाह, तीन वाटा

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे आपण ज्याला ए.सी. म्हणतो तो. विजेरीतून मिळणारा प्रवाह दिष्ट, म्हणजे डी.सी., आणि त्याचा दाब बहुधा १२ व्होल्ट. कॅराव्हानमध्ये या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि चांगल्या प्रतीचे छोटे शीतकपाट थेट १२ व्होल्टवर चालते. मिक्सर किंवा इंडक्शन शेगडीला मात्र २३० व्होल्ट लागतात. त्यासाठी विजेरीचा प्रवाह इन्व्हर्टरमधून पालटून घ्यावा लागतो. या पालटात साधारण दहा टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. भार नसतानाही इन्व्हर्टर चालूच ठेवला, तर तो स्वतःसाठी थोडी वीज खातच राहतो.

विजेरी भरण्याच्या वाटा तीन. मुक्कामाच्या तळावर प्लग लावून घेतलेली वीज ही पहिली, वाहन धावत असताना इंजिनाच्या अल्टरनेटरकडून येणारी दुसरी आणि छतावरच्या सौर पट्टांची तिसरी. या सर्व वाटा राहत्या भागाच्या विजेरीत येऊन मिळतात. इंजिन सुरू करणारी विजेरी वेगळीच ठेवली पाहिजे, हा येथला पहिला नियम. तो मोडणाऱ्याला सकाळी गाडी ढकलावी लागते.

दाब कमी असला की प्रवाह वाढतो, ही गोष्ट बारा व्होल्टच्या जगात जिवावर बेतू शकते. बाराशे वॅटची शेगडी घरात चालते तेव्हा तारेतून पाच-सव्वापाच अँपिअर प्रवाह वाहतो. तीच शेगडी १२ व्होल्टच्या विजेरीवरून चालवली, तर विजेरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या तारेतून १०० अँपिअर वाहतात, शिवाय इन्व्हर्टरमधील घट वेगळी. घराच्या वायरिंगमधली अडीच चौरस मिलिमीटरची तार या जागी वापरली तर ती तापेल, तिचे वेष्टन वितळेल आणि प्लायवूडच्या भिंती पेट घेतील. म्हणून येथे तार जाड हवी, लांबी कमी हवी आणि विजेरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा मोठ्या वाहनात २४ किंवा ४८ व्होल्टची व्यवस्था निवडली, तर त्याच तारेतील नुकसान अनुक्रमे चौथाईवर आणि सोळाव्या हिश्शावर येते.

तळावरून घेतलेल्या विजेचा धोका निराळा आहे. वाहनाचे अंग धातूचे, चाके रबराची. भूसंबंधन, म्हणजे अर्थिंग, नीट नसेल आणि आत कोठे वेष्टन फाटलेले असेल, तर सारे वाहनच विद्युतभारित होते आणि ओल्या पायांनी जमिनीवर उभा राहून दाराची मूठ धरणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह वाहतो. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्वयंचलित खटका, ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, तो तळावरही हवा आणि वाहनातही. कॅराव्हान पार्कना मान्यता देताना बाग आणि उपाहारगृह पाहण्याआधी प्रत्येक जागेवरचे अर्थिंग मोजून पाहावे, असे माझे मत आहे.

दिवसाचा जमाखर्च

आता हिशेबाकडे वळू. ऊर्जा मोजण्याचे परिमाण वॅट-तास. एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट.

चार जणांचे कुटुंब एका कॅराव्हानमध्ये राहते असे समजा. पाच वॅटचे चार एल.ई.डी. दिवे पाच तास चालले, १०० वॅट-तास झाले. वीस वॅटचे दोन पंखे आठ तास, म्हणजे ३२०. पंचेचाळीस वॅटचे शीतकपाट. त्याचा कॉम्प्रेसर उष्ण हवेत दिवसातून बारा तास चालेल असे धरले, तर ५४०. पाण्याचा साठ वॅटचा पंप अर्धा तास, म्हणजे ३०. भ्रमणध्वनी आणि लॅपटॉप यांना १५०. एकूण ११४० वॅट-तास; पालटातील आणि तारांतील घट धरून १२५०. म्हणजे या चौघांचे दिवसाला सव्वा युनिटात भागते. शहरातल्या मध्यमवर्गीय घराशी तुलना केली तर हा आकडा पाहून आश्चर्य वाटते.

परंतु या कुटुंबाने इंडक्शन शेगडी दिवसाला एक तास लावली, की दीड युनिट आणखी खर्ची पडते. बाकी साऱ्या गरजांपेक्षा ते अधिक. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर रात्रभरात एकूण सहा तास चालला आणि त्याची ओढ एक हजार वॅट धरली, तर सहा युनिटे गेली. ज्या उपकरणाचे काम उष्णता निर्माण करणे किंवा हलवणे हे आहे, ते विजेच्या अंदाजपत्रकात सर्वाधिक वाटा घेते. म्हणून स्वयंपाक गॅसवर आणि मुक्काम झाडाजवळ, ही जुनी रीत आजही हिशेबाला उतरते. मात्र सावली माणसांवर हवी, पट्टांवर नको. त्याची अडचण पुढे येईलच.

जमेची बाजू पाहू. शंभर वॅटचा पट्ट आदर्श उन्हात, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, शंभर वॅट देतो. देशाच्या बहुतेक भागांत स्वच्छ दिवशी पडणारे ऊन सुमारे पाच तासांच्या आदर्श उन्हाइतके भरते. त्यानुसार दिवसाला ५०० वॅट-तास मिळावेत. प्रत्यक्षात ३५० धरणे शहाणपणाचे. वाहनाच्या छतावर पट्ट आडवा असतो, सूर्याकडे कललेला नसतो. धूळ बसते. आणि मे महिन्यात छतावर पट्टाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. २५ च्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटत असल्याने चौदा-पंधरा टक्के तेथेच जातात. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. पट्टाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते.

या दराने सव्वा युनिटासाठी ४०० वॅटचे पट्ट लागतात आणि त्यांना सुमारे दोन चौरस मीटर जागा पुरते. वातानुकूलनाची सहा युनिटेही उन्हातूनच मिळवायची म्हटली, तर आणखी १७०० वॅट, म्हणजे साडेआठ चौरस मीटर हवेत. साडेचार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद वाहनाचे सारे छत नऊ चौरस मीटरचे आणि त्यातच झरोके, वातानुकूलन यंत्राचा खोका आणि सामानाचा कठडा. ‘संपूर्ण सौर वातानुकूलित’ अशी जाहिरात दिसली, तर वाचकांनी प्रथम छताचे क्षेत्रफळ विचारावे.

सावलीचा परिणाम तर प्रमाणाबाहेर असतो. पट्टातील घट एकापुढे एक जोडलेले असतात. झारीच्या तोटीत खडा अडकावा तसे एका घटावर पान पडले तरी त्या साऱ्या ओळीचा प्रवाह रोखला जातो. पट्टात बसवलेले डायोड हे नुकसान काही अंशी आवरतात, पूर्णपणे नाही. कोकणात आषाढात ढग दाटले की उत्पादन चौथाईवरही येते. त्या दिवसांसाठी साठवण लागते आणि खरा खर्च तेथे सुरू होतो.

साठवणीची किंमत

पट्ट आणि विजेरी यांच्यामध्ये भारण-नियंत्रक असतो. त्याच्या दोन जाती आहेत. पी.डब्ल्यू.एम. प्रकारचा साधा नियंत्रक पट्टाला विजेरीच्या दाबावर ओढून आणतो. १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देणारा पट्ट १३ व्होल्टवर आला, की शंभराचे सुमारे बहात्तर वॅट उरतात. एम.पी.पी.टी. प्रकारचा नियंत्रक जास्तीच्या दाबाचे रूपांतर प्रवाहात करून यातले बरेचसे वाचवतो. तो महाग असतो. पण छत अपुरे असेल तेथे ती किंमत वसूल होते.

विजेऱ्यांत पारंपरिक आहे ती शिसे-आम्लाची, ट्यूब्युलर प्रकारची. ती निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करू नये, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दुसरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची; तिच्यातील ऐंशी टक्के साठा निर्धास्तपणे वापरता येतो. दोन दिवसांची, म्हणजे अडीच युनिटांची, साठवण हवी असेल, तर शिसे-आम्लाच्या पाच युनिट क्षमतेच्या विजेऱ्या घ्याव्या लागतात. १५० अँपिअर-तासांच्या अशा तीन विजेऱ्यांचे वजन दीडशे किलोच्या वर जाते आणि ते प्रत्येक घाटात इंजिनाला वाहावे लागते. लिथियमच्या सव्वातीन युनिटांत तेच काम होते आणि वजन तीस किलोच्या आसपास राहते. लिथियमचीही पथ्ये आहेत. शून्य अंशाखाली ती भारू नये, हे लडाखला किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अल्टरनेटरला ती थेट जोडली तर तो तापून निकामी होऊ शकतो, म्हणून मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारे साधन बसवावे लागते. शिसे-आम्लाची विजेरी भरताना हायड्रोजन वायू सोडते; तिचा कप्पा हवेशीर नसेल तर स्फोटाचा धोका असतो.

खर्चाचा अंदाज घेण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. शिसे-आम्लाचा संच ४८ हजार रुपयांचा आणि आयुष्य चार वर्षे. लिथियमचा ६० हजारांचा आणि आयुष्य दहा वर्षे. रोज सव्वा युनिट वापरले, तर पहिल्यात चार वर्षांत १८२५ युनिटे साठवून वापरली जातील आणि प्रत्येक युनिटावर केवळ विजेरीपोटी २६ रुपये पडतील. दुसऱ्यात हा आकडा १३ रुपये येतो. चारशे वॅटचे पट्ट बारा हजारांचे धरले आणि ते वीस वर्षे टिकले, तर त्यांचा खर्च युनिटामागे दीड रुपयाच्या आत राहतो. यात भांडवलावरील व्याज धरलेले नाही. धरले तर चित्र अधिकच बिकट होईल. ऊन फुकट आहे, ते पकडणेही आता स्वस्त झाले आहे. ते रात्रीपर्यंत जपून ठेवणे महाग आहे.

आणि हेच वाहन वर्षात शंभर दिवसच बाहेर पडत असेल, तर हे आकडे अनुक्रमे ९६ आणि ४८ रुपयांवर जातात. विजेरी वापरली नाही म्हणून तिचे आयुष्य फारसे वाढत नाही. शिसे-आम्लाची विजेरी तर पडून राहिली तरी खराब होते. हौशी पर्यटकाला हा भाव परवडेल, कारण त्याने तो स्वेच्छेने पत्करला आहे. सार्वजनिक सेवेच्या वाहनाला तो परवडण्यासाठी वाहन रोज फिरले पाहिजे.

रोज वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेचे उदाहरण आपल्या देशातच आहे. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवु या मार्गावर ‘आदित्य’ ही पंचाहत्तर आसनांची सौर नौका जानेवारी २०१७ मध्ये सेवेत दाखल झाली. सपाट छत, सावली नसलेला जलाशय आणि दिवसभराच्या ठरलेल्या फेऱ्या. साठवणीचा खर्च फेऱ्यांमागे विभागला जातो. भारतीय रेल्वेने जुलै २०१७ मध्ये दिल्लीत आणलेल्या डिझेल गाडीच्या डब्यांवर प्रत्येकी ३०० वॅटचे सोळा पट्ट बसवले होते. गाडी ओढण्याचे काम डिझेलकडेच ठेवले, सौर विजेकडे दिवे-पंखे सोपवले. उन्हाला झेपेल तेवढेच काम उन्हाला देण्याचा हा व्यवहार मला योग्य वाटतो.

एक फिरता दवाखाना

काही वर्षांपूर्वी एका पाहणीच्या निमित्ताने आदिवासी भागातील एका फिरत्या आरोग्य पथकाबरोबर दोन दिवस हिंडण्याचा योग आला. गाडीच्या छतावर सौर पट्ट चकाकत होते, बाजूला योजनेचे नाव रंगवलेले होते. आत लहान शीतकपाट होते. परिचारिकेने लसींसाठी ते उघडले असेल म्हणून मी पाहिले, तर त्यात केसपेपरांचे गठ्ठे रचलेले. लसी तिने पहाटे प्राथमिक आरोग्य केंद्रातून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून आणल्या होत्या. लस दोन ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. दुपारी ऊन चढले तशी ती दर थोड्या वेळाने डब्यातील तापमापक पाहत होती. शेवटच्या पाड्यावर न जाताच आम्ही परतलो, कारण बर्फ तोवर टिकला नसता.

मी चालकाला विचारले. तो म्हणाला, “साहेब, पाट्या चांगल्या आहेत वरच्या. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली. नवीन मागितली तर म्हणतात, यासाठी हेडच नाही.” पट्ट भांडवली खर्चातून आले होते. विजेरी बदलणे हा आवर्ती खर्च. त्याचे लेखाशीर्ष कोणीच उघडले नव्हते. त्यातच विजेरी इंजिनाशेजारच्या बंद पत्र्याच्या खोक्यात ठेवलेली होती. शिसे-आम्लाच्या विजेरीचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते. कागदावर चार वर्षे धरलेली विजेरी त्या खोक्यात दीड वर्षात संपली असेल, तर नवल नाही. पट्ट, शीतकपाट, गाडी, चालक, परिचारिका असे सारे असूनही एका घटकाअभावी शेवटचा पाडा लसीविना राहिला. त्या विजेरीची किंमत गाडीच्या वार्षिक डिझेल खर्चाच्या तुलनेत किरकोळ होती.

लेखाशीर्षाचा प्रश्न

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत, जेथे वाहिनी नेणे शक्य नव्हते अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे सौर संच देण्याची तरतूद होती : पाच एल.ई.डी. दिवे, एक डी.सी. पंखा, एक डी.सी. प्लग आणि पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती. वर मांडलेल्या जमाखर्चाशी ताडून पाहिले, तर हा संच विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. दिष्ट प्रवाहाची उपकरणे दिल्याने पालटातील घट टळली, आणि देखभाल मूळ खर्चातच धरली गेली. पाच वर्षांची मुदत मात्र विजेरीच्या आयुष्याच्या जवळपास संपते. सहाव्या वर्षी नव्या विजेरीचे काही हजार रुपये एकरकमी काढणे त्या कुटुंबाला जड जाते. दरमहा थोडी रक्कम गोळा करणारा ग्रामपातळीवरचा घसारा निधी असेल, तर तो भार पेलता येतो.

करआकारणीतही एक विसंगती आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. विजेऱ्यांवर तो १८ टक्के आहे. शिसे-आम्लाच्या विजेरीवर पूर्वी २८ टक्के होता, तेव्हा ही घट स्वागतार्हच. तरीही यंत्रणेचा जो भाग वीस वर्षे टिकतो त्यावर कमी कर आणि जो पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो त्यावर तिपटीहून अधिक, अशी रचना वाहिनीपासून दूर असलेल्या ग्राहकाला प्रतिकूल ठरते. दुसरीकडे, जुनी विजेरी रानात टाकली जाऊ नये म्हणून २०२२ च्या विजेरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. शिशाला भंगारात भाव येतो, म्हणून ती विजेरी बहुधा परत फिरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटमध्ये निकेल वा कोबाल्ट नसल्याने भंगारवाल्याला तिचे आकर्षण कमी. तेव्हा ती परत येण्यासाठी विक्रीच्या वेळीच अनामत घेण्यासारखा काही उपाय करावा लागेल.

फिरत्या सेवांच्या निविदांत आज पट्ट किती वॅटचे आणि विजेरी किती अँपिअर-तासांची हे विचारले जाते. त्याऐवजी शीतकपाट वर्षाचे किती दिवस दोन ते आठ अंशांत राहिले, हे विचारून त्यानुसार देयक अदा केले, तर विजेरी खोक्यात कोठे ठेवायची, तार किती जाड घ्यायची आणि बदलीचा खर्च कोणत्या वर्षी येईल, याचा विचार पुरवठादार स्वतःच करील. तापमानाची नोंद ठेवणारे छोटे उपकरण त्यासाठी पुरेसे आहे, आणि त्याला लागणारी वीज दिवसाला एका वॅट-तासाहूनही कमी असते.